कारण नमूद करणे बंधनकारक

"माझी कागदं पायजेत. सगळी. आणि गेटवरची वहीबी."

राजारामपुरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात, लिफ्टच्या मागच्या बाजूला, रेकॉर्ड रूमची खिडकी आहे. त्या खिडकीत तोंड घालून गुंडूतात्या चौगुले हे बोलले आणि कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं. मागे एक रिकामं स्ट्रेचर होतं. तात्यांनी त्याच्याकडेही जरा रोखून पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण संशय त्यांच्या अंगात जन्मापासून मुरलेला. डेअरीत दुधाची फॅट लावली की "परत एकदा लाव" म्हणणार, एसटीचं तिकीट उन्हात धरून वाचणार, आणि परक्या घरी चहा आला तर आधी यजमानानं घोट घेतलेला बघणार.

खिडकीच्या आत प्रभुलिंग नावाचा कारकून बसला होता. अकरा वर्षं फायलींच्या धुळीत काढल्यामुळे त्याला माणसापेक्षा माणसाची फाईल लवकर ओळखू यायची.

"कसली कागदं?" त्यानं विचारलं.

"दोन वर्सामागं अपेंडिक्स फुटलतं माझं. आठ दिवस हितं पडून हुतो. त्या आठ दिवसांत कोण कवा आलं, किती वाजता आलं, कवा गेलं, सगळं पायजे."

प्रभुलिंगचा हात टेबलावरच थांबला. लोक बिल मागायला येत, रिपोर्ट मागायला येत, कोणी विम्यासाठी येत. कोण किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, हे आजवर त्याला फक्त एका वकिलानं विचारलं होतं आणि ती केस अजून चालू होती.

"कशाला पायजे?" प्रभुलिंगनं आवाज मऊ करून विचारलं.

"पोट माझं, कागद माझं. तुमी कोण इचारणार?"

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. आमच्या भागात आजारी माणसाला बघायला जाणं हा शिष्टाचार नाही, तो कायदा आहे. जो शहाळं घेऊन आला तो आपला. जो आला नाही, त्याच्या घरचं सुतक असो की बारसं, आपण विसरायचं. तात्यांचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा अर्धं गाव येऊन गेलं. आला नाही तो फक्त सख्खा थोरला भाऊ ज्ञानू. भिंतीला भिंत लागून घर, पण तेव्हापासून तात्यांनी त्याच्याशी अक्षर काढलं नव्हतं. आता ज्ञानूच्या पोरीचं, मोनाचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं आणि ज्ञानू स्वतः पत्रिका घेऊन दारात आला होता.

"मी मरायला टेकलतो, तवा कुठं हुतास?" तात्यांनी पत्रिकेला हात न लावता विचारलं.

"आलतो की. चार दिस आलतो. गेटवरच्या वहीत नाव हाय माझं, जाऊन बग," एवढंच बोलून ज्ञानूनं पत्रिका उंबऱ्यावर ठेवली आणि तो गेला.

त्यानंतर तात्यांच्या घशाखाली घास उतरेना. मोना म्हणजे त्यांचा जीव. सायकल शिकवताना तिला खरचटलंसुद्धा नव्हतं, तात्यांचा मात्र गुडघा फुटला होता. तिच्या लग्नाला जायला पाय शिवशिवत होते, पण भाऊ खोटं बोलत असला तर जायचं कसं? बायकोला विचारण्यात अर्थ नव्हता. धोंडुबाई आणि ज्ञानूची बायको सख्ख्या मावसबहिणी, म्हणजे साक्ष एकतर्फी. तेव्हा जे काय असेल ते कागदावर बघायचं, असं ठरवून तात्या सकाळची एसटी धरून कोल्हापुरात आले होते.

प्रभुलिंगनं खिडकीतून एक फॉर्म सरकवला.

"ह्यो भरा. आधारची झेरॉक्स जोडा. आणि कारण भरल्याशिवाय फॉर्म घेता येत न्हाय बगा, वरच लिवलंय, बंधनकारक हाय."

कारणापुढे तीन चौकोन होते. पहिला, विमा. दुसरा, पुढील उपचार. तिसरा, न्यायालयीन काम. तात्यांनी फॉर्म दोनदा वाचला. विमा त्यांनी कधी काढला नव्हता. उपचार होऊन गेले होते. राहिला तिसरा. भावाभावांमधली भानगड आजवर त्यांच्या घराण्यात तरी कोर्टातच मिटली होती. आजोबांची, वडिलांची, दोन चुलत्यांची. भावकीचं काम म्हणजे न्यायालयीनच की, असा साधा हिशोब करून त्यांनी तिसऱ्या चौकोनात ठसठशीत खूण केली आणि खाली सही ठोकली.

ती खूण बघून प्रभुलिंग उठला. "बसा हं पावणं," म्हणाला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर गेला.

पाच मिनिटांत तात्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या थंडगार केबिनमध्ये नेऊन बसवलं. तिथं सुष्मिता मॅडम नावाच्या व्यवस्थापक होत्या. त्यांनी उठून नमस्कार केला. चहा आला, बरोबर बिस्किटं आली, वर पंखा चालू असताना एसीसुद्धा वाढवला गेला.

"काका, काही त्रास होतोय का तुम्हाला? पोटात वगैरे?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय."

"मनात काही शंका?"

"ती हायच की."

मॅडमनी प्रभुलिंगकडे पाहिलं, प्रभुलिंगनं छताकडे पाहिलं. तात्यांनी हे दोन्ही पाहिलं. दोन वर्षांमागं याच हॉस्पिटलात "ओ काका, लायनीत या," म्हणून त्यांच्यावर खेकसले होते. तेव्हा पोटात अपेंडिक्स फुटलेलं असूनही कोणी बस म्हटलं नव्हतं, आणि आता नुसता कागद मागितला तर बिस्किटं? तात्यांनी चहाला तोंड लावलं नाही.

"गेटची वही दावा. मी चाललो," ते म्हणाले.

"काका, गेटची वही मेडिकल रेकॉर्डमध्ये येत नाही. आणि वर्ष झालं की ती… रद्दीत जाते."

"बरोब्बर माझीच वही गेली व्हय रद्दीत?"

"सगळ्यांचीच जाते हो. बाकीची फाईल बहात्तर तासांत देतो आम्ही. आणि हे बघा, तुमच्या समाधानासाठी एक सोनोग्राफी करून घ्या ना आजच. आमच्याकडून, मोफत."

मोफत हा शब्द ऐकताच तात्यांचा हात आपोआप पोटावरच्या टाक्यांच्या खुणेवर गेला. कोल्हापुरात पार्किंगसुद्धा मोफत नाही, आणि ही माणसं सोनोग्राफी मोफत करायला निघाली आहेत, म्हणजे आत बघण्यासारखं काहीतरी आहे हे उघड होतं. ते उठले आणि थेट स्टँडवर आले.

घरी आल्यावर त्यांनी धोंडुबाईला सगळं सांगितलं. फक्त वहीत कोणाचं नाव बघायचं होतं तेवढं गाळून.

"फुकाट तपासतो म्हणाली?" धोंडुबाईंनी गालावर हात ठेवला. "मग ऱ्हायलंय आत काय तर. कात्री असंल."

"कात्री कशी ऱ्हाईल? पोट हाय का शिलाई मशीन?"

"न्हाय तर फडकं असंल. तरी म्या म्हणते, डाव्या कुशीवर झोपल्यावर तुमी घोरता ते येगळंच घोरता."

त्या रात्री तात्या उजव्या कुशीवर झोपले. सकाळी उठून कागलला गेले आणि पोटाचा एक्सरे काढला. एक्सरेवाला म्हणाला, काहीही नाही, अगदी स्वच्छ आहे. तात्यांनी तो फोटो उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. इतकं स्वच्छ कसं असेल, असं वाटून त्यांनी एक्सरेवाल्याला राजारामपुरीत त्याचे कोणी नातेवाईक आहेत का, ते विचारून घेतलं. दुर्दैवानं त्याची मेव्हणी तिथंच राहत होती.

मग तात्यांनी पोराला, सम्राटला गाठलं. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, माल तपासायच्या खात्यात होता. तिथं नट जरी वाकडा निघाला तरी फॉर्म भरतात.

"बाबा, तोंडी बोलून कोण हलत न्हाय. लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची," सम्राट म्हणाला आणि त्यानं कंपनीच्या पद्धतीनं पत्र टाईप करून दिलं. त्यात घटनेची तारीख होती, त्रुटीचं मूळ कारण होतं, जबाबदार व्यक्तीचं नाव लिहायला मोकळी जागा होती आणि शेवटी 'अशी त्रुटी पुन्हा घडू नये म्हणून आपण काय करणार आहात, ते सात दिवसांत कळवावे' असं वाक्य होतं. तात्यांना ते पत्र फार आवडलं. त्यांनी ते हॉस्पिटलात देऊन पोच घेतली, आणि पोचेवरचा शिक्का ओला आहे ना, हे बोट लावून बघितलं.

बहात्तर तास पूर्ण व्हायच्या आधीच सुष्मिता मॅडमचा फोन आला. मोठे डॉक्टर स्वतः भेटणार होते. तात्यांनी साक्षीदार म्हणून धोंडुबाईंना बरोबर घेतलं. धोंडुबाईंनी कात्री निघालीच तर न्यायला म्हणून प्लास्टिकची पिशवी बरोबर घेतली.

केबिनमध्ये डॉक्टर विश्वजित होते, मॅडम होत्या, प्रभुलिंग होता आणि कोपऱ्यात काळा कोट घातलेले एक गृहस्थ. टेबलावर चहाचे कप होते आणि एकशे चौऱ्याऐंशी पानांचा गठ्ठा होता, पानापानावर शिक्का मारलेला.

"ही तुमची संपूर्ण फाईल," मॅडम म्हणाल्या. "काका, आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

"मी कुठं म्हटलं लपवताय म्हणून?" तात्यांचा संशय आणखी एक पायरी चढला. "ह्यात इंग्लिश हाय. तुमीच वाचून दावा. पैल्या दिवसापासनं. कोण कवा आलं तेवढंच वाचा, बाकी औषधं-बिवषधं ऱ्हाऊ द्या."

काळ्या कोटानं डॉक्टरांना हातानं खूण केली, काही बोलू नका म्हणून. प्रभुलिंग वाचून मराठीत सांगू लागला. पहिल्या दिवशी ऑपरेशन. डॉक्टर सकाळी आले, दुपारी आले, संध्याकाळी आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सकाळी आले, दुपारी आले, आणि संध्याकाळी… प्रभुलिंग अडखळला.

"संध्याकाळी कोण आलं?" तात्या खुर्चीच्या कडेला आले. "बोला की! संध्याकाळीच तर खरी गंमत हाय!"

"मी सांगतो!" डॉक्टर एकदम उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "मी त्या संध्याकाळी नव्हतो. पोरीचं गॅदरिंग होतं शाळेत. ती झाड झाली होती नाटकात. तासाभराचा प्रश्न होता, ज्युनिअर डॉक्टर होता इथं, तुमचा ताप मी फोनवर विचारत होतो. पण मी नव्हतो, हे खरं आहे."

काळ्या कोटानं डोळे मिटून घेतले.

"अवो, तुमची पोरगी झाड हुईल न्हाय तर वाघ हुईल, मला काय करायचंय?" तात्या वैतागले. "माझा भाऊ आलता का न्हाय, तेवढं सांगा!"

काळ्या कोटानं डोळे उघडले.

"भाऊ?" मॅडमनी विचारलं.

"थोरला. ज्ञानू. त्याच्या पोरीचं लगीन हाय चार दिवसांवर. त्यो आलता असंल तर मला जायला पायजे, आला नसंल तर जमायचं न्हाय. त्यासाठी तर गेटची वही मागत हुतो!"

"मग फॉर्मवर न्यायालयीन काम म्हणून खूण का केली तुम्ही?" काळ्या कोटाला राहवेना.

"भावकीचं हाय म्हटल्यावर आणि कुठलं असणार?"

डॉक्टर खाली बसले आणि त्यांनी तात्यांचा चहा उचलून पिऊन टाकला. मॅडमना हसू आलं होतं, पण त्यांनी ते फाईलमागे नेलं. प्रभुलिंगला मात्र आता चेव आला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी त्याच्या कागदांतून बिल सोडून दुसरं काही हवं होतं. त्यानं नर्सच्या नोंदींची पानं उलटली.

"हितं नर्सबाई सगळं लिवत्यात पावणं. थांबा. दुसरा दिवस, संध्याकाळी सहा वाजून धा मिनिटं. ताप एकशे दोन. पेशंट असंबद्ध बोलतोय. पेशंटचा भाऊ ज्ञानू भेटायला आला."

"आलता?" तात्यांचा आवाज बारीक झाला. "परत वाचा."

प्रभुलिंगनं परत वाचलं. तात्यांनी पान हातात घेतलं, भावाचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते बोट ठेवून बघितलं. आला होता. दोन वर्षं ज्याच्या नावानं ते बोटं मोडत होते, तो आला होता. त्यांना रडू येईल असं वाटू लागलं.

"मग मला भेटला का न्हाय?"

प्रभुलिंगनं पुढची ओळ मनातल्या मनात वाचली आणि पान मिटलं.

"आला हुता, एवढंच पायजे हुतं न्हवं तुमाला?"

"का मिटलासा? काय लपवताय? वाचा!"

"पेशंट कॉटवर उठून बसला," प्रभुलिंग नाइलाजानं वाचू लागला. "सलाईनची नळी ओढून काढली. मोठ्यानं ओरडला, 'ह्येला भाईर काडा, बांध कोरलाय ह्येनं माझा.' भावाच्या दिशेनं पाण्याचा तांब्या फेकला. रक्तदाब एकशे ऐंशी. भावाला बाहेर जायला सांगितलं."

प्रभुलिंगनं पुढचं पान उलटलं.

"तिसरा दिवस. भाऊ जिन्यात बसलेला. विचारपूस केली. पेशंटला सांगितलं न्हाय. चौथा दिवस. भाऊ जिन्यात. पाचवा दिवस. भावानं शहाळं आणलं, नर्सकडं दिलं. पेशंटनं शहाळं दोन बाजूनं बघितलं, मग प्याला."

"लई गोड हुतं त्ये," तात्या कसंबसं म्हणाले आणि मग एकदम बायकोकडे वळले. "धोंडे! तू हुतीस तितं! दोन वर्सं मला एका शब्दानं बोलली न्हाईस?"

धोंडुबाईंनी कमरेच्या पिशवीतून घडी घालून घालून मऊ पडलेलं डिस्चार्ज कार्ड काढलं आणि ते डॉक्टरांसमोर आपटलं.

"ह्यास्नी इचारा! सम्राटनं वाचून दावलंय मला. तिकाट, तेलकट आणि भावाचा इषय टाळावा. कवापतुर टाळावा ते लिवलंच न्हाय. मी आपली अजून पाळतीया. तेलबी अजून मोजूनच घालती न्हवं?"

डॉक्टरांनी कार्ड पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. "पंधरा दिवस लिहायचं राहिलं वाटतं," ते पुटपुटले, आणि काळ्या कोटानं दुसऱ्यांदा डोळे मिटले.

सगळे हॉस्पिटलवाले आता सुटल्यासारखे ऐसपैस बसले होते. मॅडमनी "समाधान झाले" असं लिहिलेला कागद सहीला पुढे केला. तात्यांनी तो दोनदा वाचला, सही केली, आणि मग खुर्ची प्रभुलिंगच्या जवळ ओढली.

"ह्ये तांब्याचं पान तेवढं फाडून टाका."

"रेकॉर्ड हाय पावणं. फाडता येत न्हाय."

"मग खोडा."

"खोडताबी येत न्हाय."

"उद्या ज्ञानू हितं आला, मला कागदं दावा म्हणाला, तर?"

"पेशंटच्या सहीबिगर कुणालाच देत न्हाय आमी. सख्ख्या भावालाबी न्हाय."

"ह्ये मातूर बेस हाय," तात्या म्हणाले. "असंच कडक ऱ्हावा. आणि फॉर्मवर कारण लिवून घेत जावा, कोण कशाला मागंल सांगता येत न्हाय."

गावात उतरल्यावर धोंडुबाई घरात गेल्या. तात्या मात्र गठ्ठा काखेत मारून तसेच ज्ञानूच्या अंगणात शिरले. ज्ञानू मांडवाच्या खांबासाठी पहारीनं खड्डा घेत होता. त्यानं मान वर केली नाही.

"दादा," तात्या म्हणाले. दोन वर्षांनी म्हटलेला शब्द, तो नीट निघाला नाही.

"बगितलीस वही?"

"वही रद्दीत गेली. कागदं बगितली. चार दिस आलतास."

"सांगितलं की तुला."

"मी शुद्धीवर नव्हतो रं दादा. तापात काय बोललो, माझं मला ठावं न्हाय. तांब्या लागला न्हाय न्हवं तुला?"

"लागला की. हितं," ज्ञानूनं भुवईवर बोट ठेवलं.

"माझ्या तोंडाला लगाम नव्हता तवा. मनावर घिऊ नगोस. बांधाचं बिंधाचं कायबी बरळलो."

ज्ञानूनं पहार खड्ड्यात उभी केली, धोतरानं हात पुसले आणि पहिल्यांदाच धाकट्या भावाच्या डोळ्यांत पाहिलं.

"बरळला न्हाईस. कोरलाच हुता मी बांध. म्हणून तर जिन्यातनं वर यायचं धाडस न्हाय झालं परत. चार बोटं रान घेतलंय तुझं. लगीन झालं की सरळ करून देतो."

तात्यांचे डोळे भरून आले. भाऊ आला होता, खरं बोलला होता, आणि आता न विचारता चोरीही कबूल करत होता. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. आतून मोना "आई, तात्या आलं!" म्हणून ओरडत धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. तात्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, नाक पुसलं, पुढचा खांब स्वतः उचलून खड्ड्यात उभा केला, आणि तो धरून ठेवता ठेवता ज्ञानूच्या कानाशी वाकून हळूच विचारलं,

"दादा, चार बोटं म्हंजे… आडवी का उभी?"